'लाइन' : एका अनेकार्थी इंग्रजी शब्दाचा मराठी संसार

अनेकार्थी शब्द एका भाषेतून दुसरीत येतो, तेव्हा त्याचे सारे अर्थ त्याच्याबरोबर येतात काय? येत नसल्यास कोशकाराने त्याची नोंद कशी करावी? प्रस्तुत टिपणात 'लाइन' या इंग्रजी शब्दाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. उदाहरणे मुख्यतः नांदेड जिल्ह्यातील लोहा व त्याच्या परिसरातील नित्य व्यवहारातून घेतली आहेत.

प्रथम मूळ शब्द पाहू. लॅटिन भाषेत 'लिनुम' म्हणजे जवस, आणि जवसाच्या वाखाचा दोरा तो 'लिनेआ'. मराठवाड्यात जवस तेलासाठी व चटणीसाठी परिचित आहे. युरोपात त्याच्या धाग्याचे कापड विणले जाई. ताणलेल्या दोऱ्यावरून सरळ रेघ, रेघेवरून लिखाणाची ओळ, ओळीवरून माणसांची रांग, तसेच वंशपरंपरा, मार्ग व व्यवसाय असे अर्थ इंग्रजीत विस्तारत गेले. काही अर्थ मध्यबिंदूतून निघणाऱ्या किरणांसारखे आहेत, तर काही साखळीच्या कड्यांप्रमाणे एकातून दुसरा गुंफलेला आहे.

मराठीने हाच अर्थप्रदेश अनेक शब्दांत वाटून दिला आहे. भूमितीत रेषा, पाटीवर रेघ, लिखाणात ओळ, उभ्या माणसांची रांग, जेवणाऱ्यांची पंगत, लढणाऱ्यांची फळी. शेतात पेरलेल्या ओळीला तास म्हणतात आणि खुरपणाऱ्या मजुराच्या वाट्याला येते ती पात. इतकी समृद्धी असताना 'लाइन' मराठीत का रुजावी? याचे उत्तर असे की, ती शब्द म्हणून आली नाही. नव्या व्यवस्थांचा भाग म्हणून आली, आणि प्रत्येक वेळी निराळ्या दाराने आली.

हैदराबाद संस्थानातील नांदेड १९०० च्या सुमारास लोहमार्गाने मनमाडशी जोडले गेले. रेल्वेच्या व्यवहारात 'लाइन' म्हणजे रूळमार्ग. पुढील स्थानकाने गाडी घेण्यास दिलेली संमती ती 'लाइन क्लिअर'. हाच शब्दप्रयोग पुढे कोणत्याही कामातील अडथळा दूर झाला या अर्थी रूढ झाला. शिपायांच्या वसाहतीमुळे 'पोलीस लाइन' आली. गवंड्याची 'लाइनदोरी' विशेष लक्षणीय आहे. येथे दोऱ्याचा मूळ अर्थ शिल्लक आहे, परंतु तो अपुरा वाटून त्यास 'दोरी' हा देशी शब्द जोडला गेला. 'पावरोटी' या जोडशब्दात पोर्तुगीज 'पाव' आणि 'रोटी' यांचा संयोग असाच झाला आहे.

विजेच्या प्रसाराबरोबर शब्दाने आणखी एक पाऊल टाकले. 'लाइन गेली', 'रात्री लाइन येणार' या वाक्यांत 'लाइन' म्हणजे तार नव्हे, तारेतून येणारा वीजपुरवठा होय. वाहकावरून वाह्य वस्तूचा बोध होणे ही लक्षणाच आहे. पिकाला पाणी देण्यासाठी जागणारा शेतकरी ज्या 'लाइनी'ची वाट पाहतो, ती इंग्रजीच्या अर्थावलीत शोधून सापडावयाची नाही. हा अर्थ येथल्या बोलण्यातून घडला आहे.

व्याकरणाचा पुरावाही उल्लेखनीय आहे. इंग्रजी 'लाइन'ला व्याकरणिक लिंग नाही; मराठीत ती स्त्रीलिंगी झाली, कारण ओळ, रांग, रेघ, रेषा, दोरी हे तिचे सारे सोयरे स्त्रीलिंगीच आहेत. 'लाइनीत', 'लाइनीवर' ही सामान्यरूपेही तिने मुकाट्याने स्वीकारली.

इतके अर्थ एकत्र नांदत असता घोटाळा का होत नाही? भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त अर्थनिश्चयाची जी साधने सांगितली आहेत, त्यांत साहचर्य, प्रकरण, देश व काल यांचा समावेश आहे. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत 'लाइन मोठी आहे' असे कोणी म्हणाला, तर ती दर्शनाची रांग हे सांगावे लागत नाही. तथापि प्रकरणाची ही शक्ती अमर्याद नाही. 'लाइन बंद आहे' हे वाक्य दूरध्वनीविषयी असेल, तर गैरसमजाने फार तर निरोप राहील. तेच वाक्य ऐकून एखादा लाइनमन खांबावर चढणार असेल, तर कोणती लाइन, कोठून आणि कोणी बंद केली, हे स्पष्ट झालेच पाहिजे. तेथे अनेकार्थता हा केवळ अभ्यासाचा विषय उरत नाही. तो जिवाचा प्रश्न होतो.

यावरून कोशरचनेसाठी एक निष्कर्ष निघतो. परकी शब्दाची नोंद करताना मूळ भाषेतील अर्थांची यादी भाषांतरित करून भागणार नाही. तसे केल्यास वंशपरंपरेसारखा मराठीत न रुजलेला अर्थ आत येईल आणि वीजपुरवठ्यासारखा रोजचा अर्थ बाहेर राहील. प्रत्येक अर्थ कोणत्या व्यवहारातून आला, कोणत्या क्रियापदाबरोबर वावरतो आणि कोणत्या देशी शब्दाशेजारी बसतो, हे नोंदविणे अवश्य आहे. 'लाइन लागते' ती रांग, 'लाइन येते' ती वीज आणि 'लाइन धरली' तो व्यवसाय. येथे अर्थभेदाची किल्ली क्रियापदाच्या हाती आहे. अमरकोशाने नानार्थ शब्दांसाठी स्वतंत्र वर्ग योजिला होता. आजच्या मराठीतील परकी नानार्थ शब्दांचा तसा वर्ग तयार करावयाचा, तर त्याची सामग्री ग्रंथालयाइतकीच बाजारात, शेतात आणि वीज-उपकेंद्राच्या दारातही गोळा करावी लागेल.