१९६५–६६ टेक्सास वेस्टर्न मायनर्स पुरुष बास्केटबॉल संघ

टेक्सास वेस्टर्न मायनर्स हा अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील एल पासो येथील टेक्सास वेस्टर्न कॉलेजचा पुरुष बास्केटबॉल संघ होय. १९६५–६६ च्या हंगामात प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स यांच्या मार्गदर्शनाखाली या संघाने २९ पैकी २८ सामने जिंकले. १९ मार्च १९६६ रोजी केंटकी विद्यापीठाचा ७२–६५ असा पराभव करून त्याने एनसीएए या राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेचे विजेतेपद मिळवले. या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाचही कृष्णवर्णीय खेळाडूंनिशी खेळास प्रारंभ करणारा हा पहिला संघ होता.

पार्श्वभूमी

ही संस्था १९१४ मध्ये खाणकामाचे विद्यालय म्हणून सुरू झाली. 'मायनर्स', म्हणजे खाणकामगार, हे संघाचे नाव त्यातूनच आले. शाळांमधील वर्णभेद सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये घटनाबाह्य ठरवला होता. तरीही केंटकी ज्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये खेळत असे, तिच्यातील एकाही बास्केटबॉल संघात १९६६ पर्यंत कृष्णवर्णीय खेळाडू उतरला नव्हता. इतरत्र अशा खेळाडूंना प्रवेश असला, तरी एका वेळी किती जणांना मैदानात उतरवावे याचे अलिखित संकेत होते. त्यामागे एक समज होता: कृष्णवर्णीय खेळाडू चपळ असतात, परंतु त्यांना सावरणारा एखादा श्वेतवर्णीय खेळाडू सोबत नसेल, तर दडपणाखाली त्यांची शिस्त ढासळते. पुढील वृत्तान्त हा समज ध्यानात ठेवून वाचावा.

संघ

हॅस्किन्स १९६१ मध्ये एल पासोला आले. ते स्वतः हेन्री आयबा यांच्या हाताखाली खेळलेले होते. संथ, नियोजित चढाई आणि कडक बचाव ही आयबांची शिकवण त्यांनी पुढे चालवली. त्या काळी महाविद्यालयीन खेळात ठरावीक वेळेत चेंडू फेकण्याचे बंधन नव्हते, त्यामुळे हा धिमा खेळ शक्य होता. बारा जणांच्या संघात सात कृष्णवर्णीय होते. बॉबी जो हिल डेट्रॉईट परिसरातून, ऑर्स्टन आर्टिस व हॅरी फ्लॉर्नॉय गॅरी शहरातून, नेव्हिल शेड, विली वॉर्सली व विली केगर न्यू यॉर्कहून आले होते. डेव्हिड लॅटिन तेवढा टेक्सासमधील ह्यूस्टनचा.

हंगाम

पहिले २३ सामने जिंकल्यानंतर ५ मार्च रोजी सिअ‍ॅटल विद्यापीठाने त्यांना ७४–७२ असे हरवले. हंगामातील हा एकमेव पराभव. एनसीएए स्पर्धेत त्यांनी ओक्लाहोमा सिटीला ८९–७४, तर सिनसिनाटीला जादा वेळेत ७८–७६ असे नमवले. कॅन्ससविरुद्ध पहिल्या जादा वेळेच्या अखेरीस जो जो व्हाइट याने दुरून मारलेला चेंडू टोपलीत गेला. तो ग्राह्य धरला असता, तर मायनर्सची वाटचाल तेथेच संपली असती. परंतु व्हाइटचा पाय सीमारेषेवर पडल्याचे पंचांनी ठरवले. दुसऱ्या जादा वेळेत टेक्सास वेस्टर्नने ८१–८० अशी बाजी मारली. उपान्त्य सामन्यात युटावर ८५–७८ असा विजय मिळाला. त्यात युटाच्या जेरी चेंबर्सला आवर घालण्याचे काम जेरी आर्मस्ट्राँग या श्वेतवर्णीय खेळाडूने पार पाडले.

अंतिम सामना

सामना मेरीलँड राज्यातील कॉलेज पार्क येथे झाला. अ‍ॅडॉल्फ रप यांचा केंटकी संघ राष्ट्रीय क्रमवारीत पहिला होता आणि संपूर्णतः श्वेतवर्णीय होता. केंटकीचे खेळाडू उंचीने कमी पण वेगवान होते. हे ओळखून हॅस्किन्स यांनी उंच शेडऐवजी सुमारे साडेपाच फूट उंचीच्या वॉर्सलीला प्रारंभी उतरवले. त्यामुळे हिल, आर्टिस व वॉर्सली असे तीन गार्ड एकाच वेळी मैदानात आले. हा डाव निर्णायक ठरला असे म्हणता येईल. पूर्वार्धात हिलने केंटकीच्या गार्डांकडून लागोपाठ दोनदा चेंडू हिसकावून टोपली साधली. मध्यंतराला गुणसंख्या ३४–३१ होती. उत्तरार्धात केंटकी एका गुणाच्या अंतरापर्यंत आले, पण त्यांना आघाडी घेता आली नाही.

गुणांचा हिशेब येथे बोलका आहे. चालू खेळात केंटकीने २७ वेळा टोपली साधली, तर टेक्सास वेस्टर्नने केवळ २२ वेळा. मात्र प्रतिस्पर्ध्याने नियमभंग केल्यावर मिळणाऱ्या फ्री थ्रोंपैकी ३४ मधील २८ मायनर्सनी सार्थ केले. केंटकीला असे १३ मिळाले व ११ साधले. स्तब्ध उभे राहून, सर्वांच्या नजरा स्वतःवर असताना चेंडू टाकणे ही मन स्थिर ठेवण्याचीच कसोटी असते. हिलने सर्वाधिक २०, लॅटिनने १६ व आर्टिसने १५ गुण मिळवले. त्या सायंकाळी टेक्सास वेस्टर्नतर्फे फक्त सात कृष्णवर्णीय खेळाडूच मैदानात उतरले.

पडसाद

विजयानंतर हॅस्किन्स यांना द्वेषपूर्ण पत्रे आली. सामाजिक भूमिका म्हणून नव्हे, तर उत्तम खेळाडू म्हणून आपण त्यांना खेळवले, असे ते पुढे सांगत राहिले. १९६७–६८ मध्ये व्हँडरबिल्टचा पेरी वॉलेस साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये खेळणारा पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू ठरला. केंटकीच्या मुख्य संघात मात्र असा खेळाडू दिसायला १९७०–७१ उजाडले. टेक्सास वेस्टर्नचे नाव १९६७ मध्ये बदलून एल पासो येथील टेक्सास विद्यापीठ असे झाले. २००७ मध्ये संपूर्ण संघाला नेस्मिथ बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले.

या हंगामावर २००६ मध्ये 'ग्लोरी रोड' हा चित्रपट निघाला. त्यात हॅस्किन्स पहिल्याच वर्षी विजेतेपद मिळवतात असे दाखवले आहे. वस्तुतः ते त्यांचे पाचवे वर्ष होते आणि १९६३ व १९६४ मध्येही त्यांचा संघ एनसीएए स्पर्धेत खेळला होता.