पुरुषांनाही हवं माहेर

"पुरुषांचं शिबिर? तेही फक्त पुरुषांचं? अहो, सगळं जगच तर त्यांचं आहे, आणखी वेगळं कशाला?" मी पटकन बोलून गेले आणि मग जीभ चावली.

२०१८ च्या ऑक्टोबरात धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेत, कनेक्टिकट राज्यात गेले होते. शेजारी साठीच्या आतबाहेरचं एक ज्यू जोडपं राहायचं. शुक्रवारी दुपारी यजमान गाडीत बॅग ठेवत होते. प्रार्थनेची शाल, एक वही, दोन स्वेटर. रविवारपर्यंत मुक्कामाला निघाले होते. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतला प्रश्न ऐकून बाई हसल्या. म्हणाल्या, "मलाही आधी असंच वाटलं होतं. पण तू सांग, तुझा नवरा मनातलं कुणाशी बोलतो?"

मला उत्तर सुचेना.

ज्यू लोक मला अगदीच परके नव्हते. माझं माहेर अलिबागकडचं. आजी सांगायची, आपल्याकडचे हे बेने इस्राएल लोक घाण्यावर तेल गाळायचे, पण शनिवारी घाणा जुंपत नसत. म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आडनावं आपल्यासारखीच, पेणकर, किहीमकर, नवगावकर. घरात बोली मराठीच. इस्राएल देश १९४८ साली झाला आणि पुढे त्यांच्यातली बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. शनिवारी त्यांचं काम बंद असतं एवढं मला ठाऊक होतं. काम बंद ठेवून करायचं काय, ते मात्र कनेक्टिकटमध्ये कळलं.

त्या शुक्रवारी बाईंनी मला घरी बोलावलं. सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी त्यांनी दोन मेणबत्त्या लावल्या, दोन्ही हातांनी ज्योतीची ऊब स्वतःकडे ओढून घेतली आणि डोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हटली. म्हटलं, ही तर आपली दिवेलागणच! शब्बाथ म्हणजे त्यांचा विश्रांतीचा दिवस, तो असा सुरू होतो. "घरात हे दिवे बहुधा बाईच लावते," त्या म्हणाल्या. "आज तिकडे शिबिरात पुरुष आपले आपण लावत असतील. माझ्या नवऱ्याने काडी नीट धरली म्हणजे मिळवलं!"

शिबिराची जागा फॉल्स व्हिलेज नावाच्या गावी, डोंगर-झाडीत, तळ्याकाठी. इझाबेला फ्रीडमन केंद्र म्हणतात तिला. तिची गोष्ट ऐकून मला गंमत वाटली. १८९३ साली ही संस्था सुरू झाली ती न्यूयॉर्कमधल्या कष्टकरी ज्यू मुलींसाठी! दिवसभर कामाला जुंपलेल्या पोरींना चार दिवस मोकळी हवा मिळावी, हा हेतू. पुढे त्याच संस्थेत पुरुषांची शिबिरं भरू लागली. मुलींच्या विसाव्यासाठी निघालेल्या संस्थेत बाप्ये विसाव्याला येऊ लागले!

पण वेगळं शिबिर लागावं का? बाईंनी समजावून सांगितलं. जुन्या वळणाच्या सिनेगॉगमध्ये सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, बायका मोजल्या जात नाहीत. सुधारणावादी पंथांनी हे बदललं. १९७२ साली सॅली प्रीसँड अमेरिकेतल्या पहिल्या स्त्री रब्बाय, म्हणजे धर्मगुरू झाल्या. त्याच दशकात बायकांनी अमावास्येनंतरच्या नव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी एकत्र जमायची जुनी चाल पुन्हा जागवली. बायका बोलू लागल्या, एकमेकींना सावरू लागल्या. पुरुषांकडे मान होता, पण मन मोकळं करायला जागा नव्हती. मग त्यांच्यातल्या काहींनी ती तयार केली.

सोमवारी चहाला गेले तेव्हा यजमानांनीच शिबिराची हकीकत सांगितली. शुक्रवारी सूर्यास्तापासून फोन बंद. एकत्र प्रार्थना, गाणी, जेवण. शनिवारी धर्मग्रंथाचा पाठ, मग पाच-सात जणांचं कोंडाळं करून बसायचं. नियम दोनच. एक जण बोलत असताना बाकीच्यांनी फक्त ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही. आणि तिथलं बोलणं तिथेच ठेवायचं. म्हणून इतरांचं ते काही बोलले नाहीत, स्वतःचं तेवढं सांगितलं.

मुलाने शिक्षण अर्धवट सोडलं, तेव्हा ते त्याला नको नको ते बोलले होते. दोन वर्षं बापलेकात अबोला. "हे मी पहिल्यांदाच मोठ्याने बोललो," ते म्हणाले. बाई म्हणाल्या, "मला वाटायचं, याला काही वाटतच नाही. दोन वर्षं मी एकटीच रडत होते."

ज्यू परंपरेत एक शब्द आहे, हेश्बोन हानेफेश. म्हणजे आत्म्याचा हिशेब. आपला 'हिशेब' अरबीतून आलेला आणि हा हिब्रू 'हेश्बोन' त्याच्याच नात्यातला. दिवसाकाठी आपण कुणाशी कसे वागलो, याचा जमाखर्च स्वतःशी मांडायचा. बॅगेतली वही त्यासाठी होती! त्यांचं धर्मशास्त्र एक फार रोकठोक गोष्ट सांगतं. माणसाने माणसाचा अपराध केला असेल, तर नुसत्या उपासाने आणि प्रार्थनेने देव तो माफ करत नाही. आधी त्या माणसाची समजूत काढावी लागते. एकदा नाही जमलं तर तीनदा जावं लागतं.

एकोणिसाव्या शतकात लिथुआनियात रब्बाय इस्राएल सॅलंटर होऊन गेले. त्यांनी आत्मसुधारणेची मोठी चळवळ उभी केली. त्यांची एक गोष्ट सांगतात. वर्षातल्या सर्वांत पवित्र रात्री सगळे सिनेगॉगमध्ये त्यांची वाट पाहत राहिले, पण रब्बाय काही येईनात. शोधलं तर एका घरात पाळणा हलवत बसलेले. आई प्रार्थनेला गेली होती आणि एकटं मूल रडत होतं! जेवणाआधी ते हात धुवायला पाणीही जेमतेम घेत, कारण मोलकरणीला ते लांबून वाहून आणावं लागे. आपलं पुण्य दुसऱ्याच्या खांद्यावर लादू नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

ही गोष्ट ऐकून मी विचारलंच, "हे दोन दिवस आत्मशोधाला गेले, मागे घर तुम्हीच सांभाळलंत ना?" यजमान म्हणाले, "पुढच्या महिन्यात ती मैत्रिणींबरोबर जाणार आहे. घर माझ्याकडे." आणि उठून कपबशा विसळायला लागले.

मुलाला त्यांनी रविवारी रात्री फोन केला होता. त्याने उचलला नाही. पुढच्या रविवारी उचलला, दोन मिनिटं बोलून ठेवला. मी निघाले तेव्हा तिसरा फोन व्हायचा होता.

मैत्रिणींनो, गावात बायकांच्या कामात मी अनेक वर्षं आहे. हळदीकुंकू, भिशी, बचत गट, माहेर, आपल्याला बोलायला काही ना काही निमित्त असतं. पुरुष पारावर बसतात, पण बोलतात पाऊस नाही तर राजकारण. देवळात जातात, वारीला जातात, शिबिरंही करतात, पण परत आल्यावर पहिलं वाक्य, "चहा टाक." गेले होते तसेच परत!

सासूबाई गेल्यापासून आमचे 'हे' गप्प गप्प होते. मी त्याला रागीटपणा समजत होते. परत आल्यावर एका रात्री म्हटलं, "आईंबद्दल बोला. मी मध्ये बोलणार नाही." पंधरा मिनिटं नुसतं घड्याळ वाजत होतं. मग बोलले. शेवटच्या रात्री आईंनी पाणी मागितलं आणि यांना जाग आली नाही, हे तीन वर्षं मनात धरून होते. "अहो, तुम्ही दमला होता" असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण नियम आठवला. मी नुसती ऐकत राहिले.