जंतुसंसर्गाची झळ हृदयालाही

भाद्रपदातील गोष्ट. वर्ध्याजवळच्या खेड्यातील सत्तरीचे एक आजोबा तापाने आजारी होते. पाचव्या दिवशी धाप लागली, रक्तदाब घसरला, बोलणे असंबद्ध झाले. रुग्णालयात दाखल केल्यावर रक्ताच्या अहवालात ‘ट्रोपोनिन’ वाढलेले आढळले. मुलगा घाबराघुबरा होऊन मला विचारू लागला, “डॉक्टरसाहेब, बाबांना हार्ट अटॅक आला. आत्ताच नागपूरला नेऊन अँजिओग्राफी करू का?”

वाचकहो, हा प्रश्न उद्या आपल्याही घरी उभा राहू शकतो.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतील प्रथिन आहे. निरोगी माणसाच्या रक्तात ते अत्यल्प असते. हृदयाच्या पेशींना इजा झाली, की ते रक्तात उतरते. मात्र इजा झाली एवढेच ते सांगते. ती कशामुळे झाली, हे सांगत नाही. रक्तवाहिनीत गुठळी अडकली तरी ते वाढते आणि गंभीर जंतुसंसर्गातही वाढते.

संसर्ग रक्तातून शरीरभर परिणाम करू लागला आणि अवयव कोलमडू लागले, की त्या अवस्थेस ‘सेप्सिस’ म्हणतात. त्यात नाडी धावते, रक्तदाब उतरतो, प्राणवायू कमी पडतो; दाहक द्रव्ये हृदयाच्या स्नायूलाही दुखावतात. मूत्रपिंडे मंदावली असतील, तर ट्रोपोनिनची पातळी आणखी चढलेली दिसते.

दुसरी तपासणी ‘बीएनपी’ किंवा ‘एनटी-प्रोबीएनपी’ची. हृदयाच्या भिंतींवर ताण आला, की हे द्रव्य वाढते. वाढते वय आणि मूत्रपिंडाचा विकार यांमुळेही ते अधिक असते, म्हणून वृद्धांचा आकडा वयाच्या संदर्भातच वाचावा लागतो.

मग हे आकडे दुर्लक्षावेत का? मुळीच नाही. सेप्सिसमध्ये ट्रोपोनिन वाढलेल्या रुग्णांच्या जिवाला अधिक धोका असतो. शिवाय संसर्गाच्या ताणाने खराखुरा हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. म्हणूनच एका आकड्यावर निर्णय होत नाही. काही तासांनी ट्रोपोनिन पुन्हा तपासतात, ईसीजी काढतात, इकोने हृदयाची आकुंचनशक्ती पाहतात.

आपण नातेवाईक म्हणून डॉक्टरांना चार प्रश्न अवश्य विचारा : दुसऱ्या तपासणीत आकडा चढला की उतरला? ईसीजीत काही बदल आहे का? इको काय सांगतो? रक्तदाबाच्या व हृदयाच्या नेहमीच्या गोळ्यांपैकी कोणत्या चालू ठेवायच्या?

त्या आजोबांच्या काखेत एक काळी, न दुखणारी खपली सापडली. ती ‘स्क्रब टायफस’ची खूण होती. झाडाझुडपांतील, गवतातील सूक्ष्म किड्याच्या चाव्याने होणारा हा ताप विदर्भाने 2018 च्या पावसाळ्यात मोठ्या प्रमाणावर अनुभवला. त्यात हृदयाच्या स्नायूलाही सूज येऊ शकते. आजोबांच्या ईसीजीत झटक्याची चिन्हे नव्हती. डॉक्सिसायक्लिन सुरू झाले, ताप उतरला, ट्रोपोनिनही उतरत गेले. इकोमध्ये मंदावलेले हृदय काही आठवड्यांनी पूर्ववत झाले. त्यांचे खरे औषध संसर्गावरचे होते. उपचार अर्धवट सोडून धावपळ केली असती, तर मोलाचे तास वाया गेले असते.

वृद्धांमध्ये सेप्सिस नेहमी तापानेच सुरू होतो असे नाही. अचानक गोंधळणे, जेवण सोडणे, सतत झोपून राहणे, लघवी कमी होणे, श्वास जलद चालणे, हातपाय थंड पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास उद्याची वाट पाहू नका. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. सेवाग्राम व सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आपल्याला जवळच आहेत.

घरी परतल्यावरही सावध राहा. गंभीर संसर्गानंतर, विशेषतः न्यूमोनियानंतर, पुढील काही आठवडे हृदयाचा धोका वाढलेला असतो. पायांवर सूज, चालताना धाप किंवा छातीत दडपण जाणवल्यास लगेच दाखवा. इन्फ्लुएन्झा व न्यूमोकोकल लशींविषयी आपल्या डॉक्टरांशी बोला. आणि जुने अहवाल एका फाइलीत जपून ठेवा. आजचा आकडा कालच्या आकड्याशेजारी ठेवला, तरच त्याचा अर्थ उमगतो.