अग्निशमन दलाकडे रोबो आणि उंच शिड्या आल्या, तरी जवानांचा सराव का महत्त्वाचा?

२२ जुलै २०१९ रोजी वांद्रे येथील एमटीएनएलच्या नऊ मजली इमारतीला आग लागली. धुरामुळे जिने बंद झाले आणि कर्मचारी गच्चीवर अडकले. मुंबई अग्निशमन दलाने शिड्यांच्या मदतीने ८४ जणांची सुटका केली. या आगीत दलाने नव्यानेच दाखल झालेला रोबोही वापरला. यंत्रसामग्री आणि प्रशिक्षित माणसे एकत्र आली की काय साधते, हे त्या दिवशी दिसले. मात्र ही यंत्रे नेमके काय करतात आणि त्यांच्या मर्यादा कोणत्या?

रोबो काय करू शकतो?

अग्निशमन रोबो म्हणजे रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारे, दूरनियंत्रकाने चालवले जाणारे छोटे वाहन. त्यावर कॅमेरा आणि पाण्याचा जोरदार फवारा सोडणारी तोटी असते. छत कोसळण्याची किंवा सिलिंडर फुटण्याची भीती असेल, तेथे माणसाआधी रोबोला पाठवता येते.

अडचण नळीची असते. ६३ मिलिमीटर व्यासाच्या नळीत प्रत्येक मीटरला साधारण तीन किलो पाणी मावते. म्हणजे ३० मीटर भरलेल्या नळीत नुसत्या पाण्याचे वजन ९० किलोच्या पुढे जाते. ती ओढत वळणे घेणे, अरुंद जिना चढणे किंवा पडलेल्या सामानातून वाट काढणे रोबोला अवघड जाते. शिवाय बेशुद्ध माणसाला उचलून बाहेर आणण्याचे काम जवानालाच करावे लागते.

उंच शिडी कुठपर्यंत पोहोचते?

मुंबईच्या दलाकडे ९० मीटर उंचीची हायड्रॉलिक शिडी आहे. एक मजला तीन मीटरचा धरला, तर ती साधारण तिसाव्या मजल्यापर्यंत पोहोचते. शहरात आता ५०-६० मजली इमारती उभ्या आहेत. शिवाय अशी अवजड गाडी उभी करायला भक्कम जमीन आणि तिचे आधारपाय पसरायला मोकळी जागा लागते. आवारात दुहेरी रांगेत मोटारी उभ्या असतील किंवा वर तारांचे जाळे असेल, तर शिडी दारात येऊनही उपयोगी पडत नाही.

म्हणूनच उंच इमारतींमध्ये आग आतूनच विझवावी लागते. त्यासाठी इमारतीची स्वतःची पाण्याची उभी वाहिनी, पंप, तुषार यंत्रणा आणि अग्निशमन दलासाठीची लिफ्ट चालू स्थितीत असणे आवश्यक असते. २४ मीटरपेक्षा उंच इमारतींत रहिवाशांना तात्पुरते थांबता यावे म्हणून आश्रयाची जागा मोकळी ठेवावी लागते, ती याचसाठी.

धुरात दिसते कसे आणि श्वास किती पुरतो?

आगीत अनेकदा ज्वाळांपेक्षा धूर अधिक बळी घेतो. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आवारातील आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील बहुतेक जण गुदमरले होते. धुरात जवानाला स्वतःचा हातही दिसत नाही. अशा वेळी औष्णिक कॅमेरा उपयोगी पडतो. तो उष्णतेतील फरक टिपतो, त्यामुळे जमिनीवर पडलेली व्यक्ती पडद्यावर दिसू शकते. मात्र काचेपलीकडचे त्याला दिसत नाही आणि काच-आरशांवरील प्रतिबिंबे फसवू शकतात. चित्राचा अर्थ लावण्याचा सराव त्यामुळे लागतोच.

दुसरा प्रश्न हवेचा. जवानाच्या पाठीवरील श्वसनयंत्राचा ६.८ लिटरचा सिलिंडर ३०० बार दाबाने भरला, की त्यात सुमारे दोन हजार लिटर हवा मावते. मिनिटाला ४० लिटर या हिशेबाने ती कागदावर पाऊण तासाहून थोडी अधिक पुरते. प्रत्यक्षात जिने चढताना आणि माणूस उचलताना श्वास जोरात चालतो व हीच हवा निम्म्या वेळात संपू शकते. दाब साधारण ५५ बारपर्यंत उतरला की शिटी वाजते. पण शिटी वाजेपर्यंत आत थांबायचे नसते. परतीच्या वाटेला लागणारी हवा राखूनच मागे फिरायचे असते. घाबरलेला माणूस जास्त हवा वापरतो, म्हणून शांत राहण्याचाही सराव करून घेतला जातो.

सरावात काय शिकवतात?

धूर भरलेल्या किंवा पूर्ण अंधाऱ्या खोलीत जवानांना जोडीने सोडले जाते. एक हात भिंतीला लावून पुढे सरकायचे, जोडीदाराची साथ सोडायची नाही आणि आलेली वाट लक्षात ठेवायची, हा पहिला धडा असतो. छताजवळचे वायू ५०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले, की संपूर्ण खोली एकदम पेट घेऊ शकते. त्याची पूर्वचिन्हे ओळखून वेळेत मागे हटणे हा दुसरा.

कोसळलेल्या इमारतीतील बचावाचे तंत्र आणखी वेगळे असते. तेथे ठरावीक वेळाने सर्व यंत्रे बंद करून शांतता पाळली जाते. जवान हाक मारतात, ठोकतात आणि ढिगाऱ्यातून येणारा प्रतिसाद ऐकतात. स्लॅब कापण्याआधी तो टेकूंनी सावरावा लागतो, अन्यथा खाली जिवंत असलेल्या माणसावरच भार येतो. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात देशभरातील अधिकारी असे प्रशिक्षण घेतात.

या सरावाला दुःखद इतिहास आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरात ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशामक मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. मे २०१५ मध्ये काळबादेवीतील गोकुळ निवास ही जुनी इमारत आगीत कोसळली. त्या दुर्घटनेत तत्कालीन प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार वरिष्ठ अधिकाऱ्यांनी प्राण गमावले. जळत्या इमारतीत कधी शिरायचे आणि कधी बाहेर पडायचे, हा निर्णय अनुभवी माणसांसाठीही किती कठीण असतो, हे या घटनेतून दिसते.

नागरिकांनी काय करावे?

महाराष्ट्रातील २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत द्यावे लागते. आपल्या सोसायटीने ते दिले आहे का, हे सभेत विचारता येते. जिन्यातील सायकली, चपलांची कपाटे आणि कुंड्या हटवाव्यात. आग लागल्यास लिफ्ट वापरू नये. बाहेर पडताना दार ओढून घ्यावे, धुरात जमिनीलगत वाकून चालावे आणि १०१ वर वर्दी देताना पत्ता, मजला व कोणी अडकले आहे का, हे सांगावे. आत कोणीच राहिलेले नाही, ही खात्रीशीर माहितीही तितकीच मोलाची असते. ती मिळाली, तर रिकाम्या खोलीच्या शोधासाठी जवानाला जीव धोक्यात घालावा लागत नाही.