बुडबुड्यांचे क्षेत्रफळ

धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड द्रावणात शोषून घेण्याच्या तंत्राची बातमी आली की 'क्रांतिकारी' हा शब्द हमखास येतो. वास्तविक अमाइनच्या द्रावणात हा वायू शोषण्याचे पेटंट १९३० सालचे. खरा कस पुढे लागतो: त्यासाठी वायू शोषणारा मनोरा केवढा बांधायचा? या प्रश्नावर माटुंग्याच्या एका विद्यापीठ विभागाने मूलभूत काम केले आहे.

वायू द्रवात शिरतो तो बुडबुड्यांच्या पृष्ठभागातून; म्हणून मनोरा केवढा हवा हे त्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरते. एक लिटर हवेचा एकच गोळा केला, तर पृष्ठभाग सुमारे ४८४ चौरस सेंटिमीटर. तीच हवा तीन मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्यांत वाटली की दोन चौरस मीटर! पण उसळत्या, फुटत्या बुडबुड्यांचे क्षेत्रफळ मोजणार कसे? कॅमेऱ्याला दिसतात ते बहुतेक काचेलगतचेच.

जत्रेच्या मैदानाला दरवाजे किती, हे दिसत नाही असे समजा. एका दरवाजातून मिनिटाला किती माणसे जातात हे ठाऊक असेल, तर आत गेलेल्या एकूण माणसांवरून दरवाजांची संख्या निघते. अट एकच: आत गर्दी तुंबता कामा नये. कॉस्टिक सोडा ही अट पाळतो. कार्बन डायऑक्साइडने पृष्ठभाग ओलांडताच सोडा त्याला गिळतो. इथला एक दरवाजा म्हणजे पृष्ठभागाचा एक चौरस सेंटिमीटर; त्यातून किती वेगाने वायू जातो हे ठाऊक असते. मग किती वायू शोषला गेला हे टायट्रेशनने काढायचे, की क्षेत्रफळ हाती येते. बारावीच्या प्रयोगशाळेतला ब्युरेट इथे भूमितीचे माप देतो!

ही पद्धत पक्की केली प्रा. मनमोहन शर्मा आणि त्यांचे केंब्रिजचे गुरू पीटर डँकवर्ट्स यांनी. त्यांचा संयुक्त लेख १९७० चा. डँकवर्ट्स हे विलक्षण गृहस्थ: १९४० मध्ये लंडनवर पडलेले जर्मन सुरुंग निकामी केल्याबद्दल त्यांना जॉर्ज क्रॉस मिळाला होता. शर्मा १९६४ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, माटुंग्याच्या यूडीसीटीत (मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात), म्हणजे आजच्या आयसीटीत (रसायन तंत्रज्ञान संस्थेत), प्राध्यापक झाले. तिथे त्यांनी पीएचडीच्या विद्यार्थ्यांकडून निरनिराळ्या उपकरणांवर असे मोजमाप करून घेतले. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर त्यांचेच विद्यार्थी. १९९० मध्ये शर्मा रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांची प्रदर्शने आज भरतात, तेव्हा यंत्राच्या झगमगाटाकडे आधी लक्ष जाते. परीक्षकांनी त्याऐवजी विचारावे: यातून निघालेला आकडा घेऊन दुसऱ्या कुणाला आपला मनोरा बांधता येईल का? उत्तर 'हो' असेल, तर ते संशोधन.