भंडाऱ्यातील पालकांनो, खर्रा आणि वेप ओळखा

● खर्रा : सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून तयार होतो. सतत खाल्ल्याने तोंड उघडेनासे होते. पुढे कर्करोगाचा धोका.

● वेप (ई-सिगारेट) : दिसायला पेन किंवा पेनड्राइव्हसारखे, वास फळांचा. बहुतेकांत निकोटीन असते. कोवळ्या वयात त्याचे व्यसन लवकर जडते.

● कायदा : २०१९पासून देशात ई-सिगारेटच्या विक्रीवर, साठ्यावर बंदी. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बालकाला तंबाखू देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी.

● घरी काय कराल : पोराला खर्रा आणायला पानठेल्यावर धाडू नका. त्याच्यासमोर स्वतः खाऊ नका. त्याच्याकडे यातले काही सापडले तर आधी ऐकून घ्या, मग बोला.

● व्यसन सोडण्यासाठी मोफत सल्ला : १८००-११-२३५६