एअरबॅगचा दिवा विझत नसेल तर आधी सीटखाली बघा



आपल्या बऱ्याच घरांत गाडी एकच. पहाटे हिडकलची नाहीतर वेंगुर्ल्याहून आलेली मासळी बेळगाव-निपाणीच्या बाजारात, आणि संध्याकाळी त्याच गाडीत बायकापोरं. अशा गाड्यांत डॅशबोर्डवर एक दिवा सतत पेटलेला आम्हाला वरचेवर दिसतो. बसलेला माणूस आणि त्याच्यापुढं गोल फुगा. विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही हो, गाडी तर पळतेय." पळणारच. त्या दिव्याचा इंजिनाशी संबंधच नाही.

चावी फिरवली की हा दिवा लागतो, काही सेकंदांत यंत्रणा स्वतःला तपासते आणि दिवा विझतो. विझला नाही तर आत कुठंतरी बिघाड आहे. मग तवंदी घाटात धडक बसली तर एअरबॅग उघडेलच, याचा भरवसा नाही. बऱ्याच गाड्यांत ऐनवेळी सीटबेल्ट आवळणारी यंत्रणाही याच दिव्याच्या हद्दीत येते.

आता आपल्या धंद्याचं. एअरबॅगच्या वायरींचे जोड बहुधा पिवळे असतात. अनेक गाड्यांत ते पुढच्या सीटखाली असतात, आणि कंट्रोलर मधल्या कन्सोलखाली, जमिनीलगत. आपण काय करतो? क्रेट बसवायला सीट पुढंमागं ओढतो, कधी काढूनच ठेवतो. वायर ताणली जाते. वर बर्फाचं पाणी झिरपून मॅटखाली मुरतं. समुद्राच्या मासळीचं खारं पाणी तर विचारूच नका, पिना गंजायला वेळ लागत नाही. क्रेटखाली काठाचा प्लास्टिक ट्रे घाला आणि मॅट उचलून वाळवा, एवढ्यानं बराच त्रास टळतो.

दुसरी कारणंही असतात. दिव्याबरोबर हॉर्नही बंद पडला असेल तर स्टिअरिंगमधली गुंडाळीची वायर तुटल्याचा संशय घ्या. कधी बॅटरी कमजोर असते.

पण पिवळ्या जोडांना घरी टेस्टलॅम्प लावू नका. एअरबॅग तोंडावर फुटू शकते. चावी चालू ठेवून जोड काढला तर नवा दोष नोंदला जातो, तो वेगळाच. आणखी एक, स्वस्तातले स्कॅनर बहुतेक फक्त इंजिनाचे दोष वाचतात. एअरबॅगचा दोष वाचता येतो का, हे गॅरेजवाल्याला आधीच विचारा. दोष न शोधता नुसता दिवा घालवून देणाऱ्याला पैसे देऊ नका.

कधी चूक कंपनीकडचीही असते. जानेवारी 2023 मध्ये मारुतीनं एअरबॅग कंट्रोलर तपासायला 17,362 गाड्या परत बोलावल्या. त्यांत आपल्याकडं भरपूर दिसणारी इकोही होती. टकाटा कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण त्याहून मोठं. उष्ण, दमट हवेत त्यांतली दारू वर्षानुवर्षांत बिघडते आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडतात. भारतात होंडाच्या जुन्या गाड्या त्यासाठी परत बोलावल्या होत्या. तिथं दिवा काहीच सांगत नाही. म्हणून चॅसी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघा. अशी परत बोलावलेली गाडी कंपनी फुकट दुरुस्त करून देते.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी चावी फिरवताना डॅशबोर्डवर नजर ठेवावी. एअरबॅगची गाडी असून दिवा क्षणभरही लागला नाही, तर बहुधा कुणीतरी तो मुद्दाम काढलाय. अशा गाडीचा अपघात झालाय का, हे आधी खोदून विचारा, मग भावाचं बोला.